वाढप विक्रांतकडे

माधव नगर, उज्जैन
४ फेब्रुवारी २०००

चि. ऋतास अनेक आशीर्वाद.

ताजी गोष्ट आधी. मराठी मंडळाच्या वाचनालयाच्या दारावर परवा सकाळी एक छापील पत्रक चिकटवलेलं सापडलं. खाली 'मर्यादा मंच' असं नाव आहे. ते विक्रांतने तयार करून घेतलं, याला टॉवर चौकातल्या प्रभाकरने दुजोरा दिला, कारण टाइप त्यानेच केलं. मजकूर असा, की उज्जैनच्या मराठी घरांतल्या ज्या मुली 'परक्यांत गेल्या', त्यांची नावं आणि सध्याचे ठावठिकाणे कळवावेत. मंच त्यांना परत आणेल. परत आणणं म्हणजे काय, ते लिहिलेलं नाही.

हाच मजकूर तुमच्या 'क्षिप्राकाठ'वरही आला, असं तू फोनवर म्हणालीस. मंचाच्या लोकांना गटातून काढावं का, हे विचारलंस. एसटीडीच्या बूथमध्ये मीटरकडे बघत अशा गोष्टीचं उत्तर देता येत नाही, म्हणून पत्र.

तू आणि सुमीतने हा ई-मेलचा गट काढला, तेव्हा मला वाटलं होतं की चार दिवसांची हौस आहे. आता प्रभाकर दर शनिवारी मला सगळा मजकूर छापून देतो. त्याची टायपिंगची शाळा होती ना, तिथे आता सायबर कॅफेची पाटी आहे. "काका, तुमच्या एका गटापायी माझी रिबन संपून राहिली," असं दर वेळी ऐकवतो आणि छापतो. रोमन अक्षरांतलं मराठी वाचायला आधी त्रास व्हायचा. आता लाल पेन्सिल घेऊन बसतो. पेपरातली नोकरी सुटली, पेन्सिल सुटली नाही.

विक्रांत तुला आठवत असेल, भय्यासाहेबांचा पुतण्या. भय्यासाहेब अजून मंडळाचे अध्यक्ष आहेत. मागच्या पावसाळ्यात तुझी मामी जिन्यावरून पडली तेव्हा विक्रांतनेच रिक्षा आणली आणि एक्स-रे होईपर्यंत बाहेर बसून राहिला. मुलगा कामाचा आहे. म्हणूनच पत्रक गंभीरपणे घ्यायला हवं. निकामी माणसाचं पत्रक वाऱ्याने उडून जातं.

आपल्याही घरातून एक मुलगी गेली आहे, हे त्याला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी श्रुतीने इंदूरला इमरान छीपाशी नोंदणी लग्न केलं आणि दोघं अहमदाबादला गेली, एवढं सगळ्या उज्जैनला ठाऊक आहे. विक्रांतने माझ्यासमोर तो विषय काढला नाही. मीही नाही. माझ्या मुलीबद्दल आपण पत्रांत लिहीत नाही, तेच पुढे चालू ठेवू.

गटाची सगळी परिस्थिती मला सविस्तर लिही. मग सांगतो.

तुझा
अरविंदमामा


बंगळूर
११ फेब्रुवारी २०००

ती. अरविंदमामांस सा. न.

ताजी गोष्ट: मंचाचे आणखी काही लोक काल गटात आले. दुजोरा माझाच, कारण प्रवेश मीच दिला. नाही म्हणायला नियमात जागा नव्हती. सुट्टीत आम्ही दोघी बाजारातून आलो की तुम्ही दारातच विचारायचात, काय झालं आणि कोण म्हणालं. श्रुतीला आणि मला अजूनही पत्र दुसऱ्या कशाने सुरू करता येत नाही.

हे ई-मेलने लिहीत नाही, कारण ते प्रभाकरच्या दुकानात छापून निघेल आणि मंचाचे लोक तिथेच बसलेले असतात.

माझं मत सरळ आहे. मंचाला काढावं. माणसं हुडकून काढायची हाक देणाऱ्यांना आपण आपल्या अंगणात का बसवावं? सुमीत दुबईहून उलट लिहितो. त्याचं म्हणणं, काढलं तर ते दुसरा गट काढतील आणि तिथे काय शिजतंय ते आपल्याला दिसणार नाही; इथे असले तर निदान डोळ्यांसमोर आहेत. शिवाय ही माणसं फक्त विष पसरवत नाहीत. मागच्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या एका मुलीच्या आईला इंदूरला रक्त हवं होतं. मंचातल्याच एकाने धावपळ करून मिळवून दिलं. तिने गटावर त्याचे आभार मानले, आणि त्याच्या पुढचाच निरोप विक्रांतचा, मुलींचे पत्ते पाठवा म्हणून. लोकांनी दोन्ही वाचलं आणि कोणी काही बोललं नाही.

आता जे मला झोपू देत नाही ते लिहिते. गट सुरू केला तेव्हा आम्ही एक नियम केला. येणाऱ्याने खरं नाव, वडिलांचं नाव, उज्जैनमधला मोहल्ला आणि सध्याचा पत्ता आम्हा नियंत्रकांना कळवायचा. गटावर मग टोपणनावाने लिहिलं तरी चालेल. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या लोकांना समोरचा कोणाचा कोण हे कळल्याशिवाय बोलताच येत नाही. निदान आम्हाला माहीत आहे, एवढ्यावर ते बोलायला तयार झाले.

अंबिका या नावाने लिहिणारी बाई तुम्ही वाचत असाल. कापडावर ठप्पे मारण्याबद्दल, रंगांबद्दल लिहिते. मंच ज्यांना शोधतो आहे, त्यांच्यातली ती एक आहे. ती कुठे राहते, हे तिच्या माहेरी कोणालाही माहीत नाही, असं ती सांगते. तिने पत्ता मला दिला तो माझ्या शब्दावर. ती कोण, हे विचारू नका. मला तुमच्याशी खोटं बोलता येणार नाही आणि शब्दही मोडता येणार नाही.

तुम्ही इतकी वर्षं वाचकांची पत्रं छापलीत. कोणाला छापायचं आणि कोणाला नाही, हे कसं ठरवायचात?

तुमची
ऋता


माधव नगर
१७ फेब्रुवारी २०००

चि. ऋतास अनेक आशीर्वाद.

ताजी गोष्ट: पाडव्याच्या पंगतीचं वाढप मंडळाने या वर्षी विक्रांतकडे दिलं आहे. भय्यासाहेबांनी काल आपल्याकडे चहा घेताना स्वतः सांगितलं. याचा तुझ्या प्रश्नाशी संबंध आहे. पुढे येतो.

अंबिका कोण, ते विचारत नाही.

वाचकांच्या पत्रांबद्दल. रागाचं पत्र मी छापत असे. शिवी कापत असे. कोणाच्या तरी घरावर माणसं जातील असं वाक्य असेल तर तेही कापत असे आणि बाकीचं छापत असे. पत्र परत पाठवलं तर तो माणूस तेच पत्र चौकात वाचून दाखवतो, आणि तिथे कापायला कोणी नसतं. त्यामुळे मी सुमीतच्या बाजूचा आहे. 'ठावठिकाणे कळवा' हे वाक्य गटावर येऊ देऊ नकोस. माणसं राहू दे.

आता वाढप. मंडळात आमचे तात्या होते. दर पाडव्याला पंगतीत बसले की वरण पातळ, भात कच्चा, पलीकडच्या ओळीला तूप जास्त. एकदा तर पानावरून उठले. त्यांना मंडळातून काढा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. तेव्हाच्या अध्यक्षांनी त्यांच्या हातात पळी दिली. म्हणाले, पुढच्या वर्षी वरण तुम्ही वाढा. तात्या गेले तोवर वरण त्यांनीच वाढलं, आणि कोणी कुरकुर केली की त्याला दटावायचेही तेच. तेव्हापासून आमच्याकडे ही रीत पडली. जो जास्त ओरडतो त्याच्याकडे वाढप. या रीतीने मंडळाने आजवर कोणालाही काढलेलं नाही, आणि मंडळ फुटलेलंही नाही. इंदूरची दोन मंडळं फुटली.

विक्रांतला तुमच्याबरोबर नियंत्रक कर. दुसऱ्यांचे निरोप वाचून गाळायची जबाबदारी त्याच्यावर आली की स्वतःचे निरोप लिहिताना तो विचार करेल. ही सूचना भय्यासाहेबांचीही आहे, हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो. पण माझीही आहे.

अंबिकेचं लेखन मी वाचतो. वाक्य लहान, विशेषण नाही. तिच्या मजकुरावर लाल पेन्सिल अजून टेकवावी लागलेली नाही. तिला गटात राहू दे. गट मोडला तर अशी माणसं कुठे जातील ते कळणार नाही.

मामी बरी आहे. तिने पुन्हा एक, गावाबाहेरच्या भैरवगढची छापील चादर आणली आहे. घरात पलंग दोन आणि चादरींचा ढीग. सेल लागला होता म्हणते.

तुझा
अरविंदमामा


बंगळूर
२६ फेब्रुवारी २०००

ती. मामांस सा. न.

ताजी गोष्ट: विक्रांत नियंत्रक झाला, आणि कामाला लागला. सुमीत आणि मी दोघंही याला दुजोरा देतो, आणि दोघंही थोडे चकित आहोत.

मी तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पटलं नाही. मग विचार केला की मला आजवर पत्रकार म्हणून तुमचा अंदाज चुकल्याचं आठवत नाही, आणि माझा बऱ्याचदा चुकला आहे.

त्याने पहिल्याच दिवशी मंचाच्या दोन पोरांचे निरोप अडवले आणि त्यांना खरमरीत उत्तर लिहिलं की इथे सभ्य घरातले लोक आहेत, भाषा नीट ठेवा. मला लिहिलं, "ताई, टेंशन घेऊ नका, आता हे घर आमचं पण आहे." पत्ते मागणारा त्याचा तो निरोप मी काढून टाकला तर त्याने हरकत घेतली नाही. उलट कोणत्या सदस्यांनी माहिती अर्धवट भरली आहे ते तपासून त्यांना पूर्ण करायला लावतो आहे. हे काम सुमीत आणि मी वर्षभर टाळत होतो.

गटावर भांडणं कमी झाली आहेत. अंबिकेने परवा नदीवर कापड धुण्याबद्दल लिहिलं. तुम्ही वाचलंच असेल. त्याखाली विक्रांतने लिहिलं, "ताई, छान. अजून लिहा." मला बरं वाटलं. तुमची पळी कामाला आली, मामा.

कामाचं दडपण खूप आहे. कंपनीतले निम्मे लोक अमेरिकेला निघालेत. मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले.

तुमची
ऋता


माधव नगर
७ मार्च २०००

चि. ऋता,

काल फोनवर बोललो ते लिहून ठेवतो, म्हणजे घाईत राहिलेलंही येईल.

रविवारी दुपारी भैरवगढला, इमरान छीपाच्या वडिलांच्या कापडछपाईच्या कारखान्यासमोर, मंचाची जीप थांबली. दुजोरा माझा. मी तिथे होतो.

त्याच्या आधी प्रभाकर दुकान बंद करून माझ्याकडे आला होता. विक्रांतने सकाळी त्याच्याकडे एक पान छापून घेतलं होतं. त्यावर अंबिका हे टोपणनाव, समोर खरं नाव, वडिलांचं नाव, माधव नगर, आणि भैरवगढचा पत्ता. प्रभाकर दारातच उभा राहून म्हणाला, "काका, वडिलांच्या जागी तुमचं नाव आहे." त्याच्याच स्कूटरवर मागे बसून निघालो.

पोचलो तेव्हा जीप आधीच आली होती. त्यांनी वाळूवर वाळत घातलेलं कापड ओढून चिखलात टाकलं होतं आणि त्यावरून बूट घालून ये-जा चालली होती. इमरान इंदूरला माल घेऊन गेला होता. त्याचे वडील दारात, आणि त्यांच्या पुढे श्रुती. ती विक्रांतला म्हणाली, "हा पत्ता मी गटात फक्त ऋताला दिला होता. तिने पाठवलंय का तुम्हाला?"

विक्रांत म्हणाला, "गटानेच पाठवलंय, ताई. नियंत्रक मी पण आहे."

एवढ्यात त्याने मला पाहिलं. पुढे आला, वाकून नमस्कार केला. "काका, तुम्ही कशाला आलात धूप में? आम्ही आणतच होतो ना तिला घरी." माझा हात धरून त्याने मला सावलीत, जीपच्या बाजूला उभं केलं. श्रुतीने मला तिथे उभं पाहिलं. ती आत गेली आणि दार लावलं.

आसपासचे छीपे, कापड छापणारे, गोळा झाले, तेव्हा जीप निघाली. जाताना रंगपंचमीला परत येऊ असं एक जण ओरडला.

तू विचारलंस, ती अहमदाबादला नसून भैरवगढला आहे हे ऐकून मला आश्चर्य कसं वाटलं नाही. नाही वाटलं, कारण मला माहीत होतं. अंबिकेचा प्रत्येक निरोप ताज्या गोष्टीने सुरू होतो आणि ती कोणी सांगितली हे दुसऱ्या वाक्यात येतं. 'आज धुलाई बंद, पाणी गढूळ आहे. सासरे पाहून आले.' असं लिहायला मी उभ्या आयुष्यात घरातल्या दोनच मुलींना शिकवलं, आणि दुसरी बंगळूरला आहे. नदीचं नाव तिने कधी लिहिलं नाही. पण संध्याकाळी जेलची घंटा ऐकू येते असं एकदा लिहिलं. नदी, ठप्पे आणि जेल एका जागी फक्त भैरवगढला आहेत. तूही एका पत्रात लिहिलंस की श्रुतीला अजूनही पत्र दुसऱ्या कशाने सुरू करता येत नाही. म्हणजे तिची पत्रं तुला येतात.

हे कळून वर्ष होत आलं. मी काही केलं नाही. दर शनिवारी वाचायला मिळत होतं, ते पुरत होतं. गट मोडू नये असं मी लिहिलं, तेव्हा त्यात हाही एक विचार होता.

नव्या नियंत्रकालाही आधीचे सगळे पत्ते दिसतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण विचारायला हवं होतं. पत्रलेखकाचा पत्ता संपादकाच्या टेबलाबाहेर जात नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवत असे.

अरविंदमामा


बंगळूर
१३ मार्च २०००

ती. मामांस सा. न.

ताजी गोष्ट: विक्रांतला आणि मंचाच्या सगळ्यांना मी काढलं. सुमीतने दुजोरा दिला आहे, कुरकुरत. ज्या इतर मुलींचे पत्ते विक्रांतला दिसलेल्या सदस्यांच्या माहितीच्या पानांवर होते, त्या प्रत्येकीला मी फोन करून सांगितलं. एकीने राहायची जागा बदलायचं ठरवलं आहे. दुसरीच्या नवऱ्याने फोन घेतला आणि मला जे ऐकवलं ते योग्यच होतं.

सुमीत म्हणाला होता तसंच झालं. मंचाने दुसऱ्याच दिवशी स्वतःचा गट काढला. तिकडे बरेच लोक गेले, आपल्या ओळखीचेही. तिथे काय लिहितात ते आता मला दिसत नाही. इकडे भय्यासाहेबांनी मला हुकूमशहा म्हणून निरोप पाठवला. मोठ्यांना न विचारता पोरींनी अध्यक्षांच्या घरातला माणूस काढला, असं त्यांचं म्हणणं आहे. ज्याने रक्त मिळवून दिलं होतं तो मुलगा वेगळं लिहितो. तो जीपमध्ये नव्हता, त्याला परत यायचं आहे. त्याला काय उत्तर देऊ, कळत नाही.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तुम्ही ओळखलंत हे श्रुतीला माहीत नव्हतं. पण तुम्ही वाचता हे माहीत होतं. गटात आल्यावर तिने मला पहिलं हेच विचारलं होतं, की प्रभाकर बाबांना छापून देतो का. त्यानंतर दर सोमवारी तिचा एका ओळीचा ई-मेल यायचा: शनिवारचं गेलं का? मी शब्द दिला होता तो याचाही. तिला वाटायचं, तुम्हाला कळलं तर तुम्ही वाचणं बंद कराल.

मी तिला तीन ई-मेल पाठवले. उत्तर नाही. मी पत्ता दिला असं ती धरून चालली आहे. आणि तुम्हाला जीपपाशी उभं पाहून ती काय समजली असेल, ते मी तुम्हाला सांगायला नको.

माझं ती आता वाचणार नाही. तुम्ही लिहा तिला, मामा. आणि रंगपंचमी जवळ आली आहे.

ऋता


माधव नगर
२८ मार्च २०००

चि. ऋतास अनेक आशीर्वाद.

ताजी गोष्ट आधी. श्रुती आणि तिच्या घरची माणसं सुखरूप आहेत. रंगपंचमीला जीप आली, गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. दुजोरा माझा आणि तुझ्या मामीचा. आम्ही सकाळपासून कारखान्याच्या ओट्यावर बसून होतो.

पण त्याच्या आधीचं सांगायला हवं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी श्रुतीला लिहायला बसलो. बरेच कागद फुकट गेले. ताजी गोष्ट काय लिहावी तेच सुचेना. शेवटी तुझ्या मामीने विचारलं, काय लिहिताय. सांगितलं. ती आत गेली, पातळ बदलून आली आणि म्हणाली, चला. टेम्पोत बसल्यावर तिने टेम्पोवाल्याला गल्ली विचारली नाही, सांगितली. डावीकडे, मग हापशाजवळ. तेव्हा मला चादरींचा सेल कळला. दीड वर्षापासून जाते आहे. मी वर्षभर वाचत होतो, ती दीड वर्ष चादरी आणत होती, आणि आम्ही दोघं एकाच टेबलावर जेवत होतो.

श्रुतीने दार उघडलं. आईला आत घेतलं. मला उंबऱ्यावरच थांबवून तिने विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही त्यांच्याबरोबर आलात की त्यांच्या मागून?"

मी म्हणालो, "मागून. उशीर झाला."

"कोणाचा दुजोरा?"

"प्रभाकरचा. त्याच्याच स्कूटरवर आलो."

ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "प्रभाकर बिल सोडून कशात खोटं बोलत नाही. आत या."

तुझ्याबद्दल मी तिला सगळं सांगितलं. नियंत्रक करायची सूचना माझी होती, हेही. ती म्हणाली, ऋताला लिहीन. केव्हा, ते सांगितलं नाही. तू घाई करू नकोस.

ठाण्यात तक्रार नोंदवली आहे. ठाणेदाराने आधी 'घर का मामला' म्हणून टाळलं. प्रभाकरने छापलेलं पान मी त्याच्या टेबलावर ठेवलं आणि जुन्या ओळखीने आपल्या पेपरात चार ओळी येतील असं सांगितलं. आल्या. नाव न घेता, तक्रार नोंदवल्याच्या दुजोऱ्यासह. रंगपंचमीला गल्लीत एक शिपाई उभा होता, तो त्या चार ओळींमुळे.

इमरान भला माणूस आहे. कमी बोलतो. चिखलात गेलेलं कापड त्याने टाकलं नाही, पुन्हा धुऊन गडद रंगात घेतलं. त्यातला एक तुकडा मामीला दिला आहे. आणखी एक चादर.

आता तुझा प्रश्न. काढलंस ते बरोबर केलंस. छापणं वेगळं आणि कपाटाची चावी देणं वेगळं. पळी दिली तर ती पंगतीत सगळ्यांना दिसते. तात्यांनी कोणाच्या पानात काय वाढलं, कोणाला वगळलं, हे दोन्ही बाजूंचे लोक बघत होते, म्हणून तात्या सुधारले. तुमच्या गटात विक्रांतचा हात कोणालाच दिसत नव्हता. ही आमची रीत तिथे चालेल, असं मी समजलो. रक्त मिळवून देणाऱ्या मुलाला परत घे, पण एकट्याला. मंचाच्या नावाने लिहायचं असेल तर नको. मंच तिकडे काय लिहितो ते दिसत नाही, हे नुकसान खरं आहे. ते सोसावं लागेल. आणि 'कोणाचे कोण' हे विचारणं बंद कर, आहेत ती माहितीची पानं पुसून टाक. लोक नाराज होतील. होऊ देत.

रविवारी मंडळाची बैठक झाली. विक्रांतकडून वाढप काढून घ्यावं, असं मी सुचवलं. भय्यासाहेब म्हणाले, वाढप काढून घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मी म्हणालो, वाढप्याने माणसांच्या दारात जीप नेण्याचीही नव्हती. निर्णय झाला नाही. विक्रांत कोपऱ्यात बसला होता. बैठक संपल्यावर त्याने माझ्या चपला सरळ करून ठेवल्या, नेहमीसारख्या. मी त्या घातल्या आणि बाहेर पडलो.

पाडवा पाच तारखेला आहे. पंगत सकाळी अकरा वाजता बसेल असं मंडळाने कळवलं आहे. वाढप अजून विक्रांतकडेच आहे. एका ओळीला वरण मी वाढणार, असं मी भय्यासाहेबांना लेखी कळवलं आहे आणि त्यांचा नकार आलेला नाही. इमरान येईल का, हे नक्की नाही. श्रुती येणार आहे. याला तिने स्वतः दुजोरा दिला आहे.

तुझा
अरविंदमामा